वॉर्डातल्या होड्या

सातारा जिल्ह्यातली मुलं किती पडतात, याची बाहेरच्या माणसाला कल्पना यायची नाही. माळ्यावरून पडतात, म्हशीवरून पडतात, ट्रॅक्टरवरून, पेरूच्या झाडावरून, शाळेच्या भिंतीवरून पडतात. घराला जिना नसला तरी जिन्यावरून पडतात. एका आजीबाईंनी मला छातीठोकपणे सांगितलं होतं की नातू झोपेत अंथरुणावरून पडला आणि त्याची मांडी मोडली. अंथरूण कुठं घातलं होतं, असं मी विचारलं. "खालीच की," आजी म्हणाल्या, "आमच्यात कॉट कुठली आलीया?" आपण काय बोललो हे ध्यानात आल्यावर त्या मलाच माझं गाव विचारायला लागल्या.

माझी सगळी नोकरी या पडापडीचा शोध घेण्यात गेली. साताऱ्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक होतो. हे पद ऐकून भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. माझे वडील कडेगावकडचे ऊसवाले शेतकरी, थोरला भाऊ फौजेत. भाऊ काय करतो हे वडिलांना एका शब्दात सांगता यायचं. माझ्या बाबतीत मात्र त्यांचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. "समाजसेवा करतोस ते ब्येस हाय," ते म्हणायचे, "पर नोकरी कुठं करतोस?" लग्नकार्यात कुणी चौकशी केलीच, तर "धाकटा दवाखान्यात असतो" एवढं सांगून ते मोकळे व्हायचे. त्यामुळे अर्धी भावकी मला भेटली की आवाज खाली आणून तब्येत विचारायची. एका मावशीनं तर माझ्यासाठी नवस बोलून ठेवला होता. तो फेडायला मलाच जावं लागलं.

म्हणून आधी हे काम काय ते सांगून टाकतो. एखादं मूल दुखापत होऊन येतं. घरचे म्हणतात पडलं. डॉक्टरांना वाटतं, पडून हे असं मोडत नाही, किंवा हे आजच्या एका दिवसाचं नाही. अशा वेळी आमच्या पथकाला बोलावणं यायचं. पथक म्हणजे आम्ही तिघं. मुलांच्या डॉक्टर पेंढारकर मॅडम, वाईच्या. मुलाचं शरीर काय सांगतंय ते त्या बघायच्या. वॉर्डाच्या निकम सिस्टर. मूल कुणाच्या हातून जेवतं, कोण आलं की पांघरूण डोक्यावर ओढतं, यावर त्यांची नजर. आणि मी, मोरे, घरातल्या एकेकाला वेगळं गाठून एकच प्रश्न विचारायचो, काय झालं? खरी घडलेली गोष्ट प्रत्येक जण जरा जरा वेगळी सांगतो. सगळ्यांनी शब्दाला शब्द जुळवून सांगितली की माझे कान टवकारायचे.

गुन्हा शोधायचं काम पोलिसांचं. आमचं काम मुलाला बरं करायचं, आणि ते कुणाबरोबर गेलं तर सुखरूप राहील हे शोधायचं. मूल कुठं राहणार याचा शेवटचा निर्णय बाल कल्याण समितीचा असतो, पण समिती आमचा अहवाल वाचून निर्णय घेते. आम्ही चुकलो की मुलाचं घर चुकलं, असा सरळ हिशेब होता.

आम्हाला खोली मिळाली ती औषधांच्या खिडकीशेजारी. दारावर पाटी लागली, 'बाल उपचार व संरक्षण कक्ष'. पाटी लागल्या लागल्या एक निवृत्त हवालदार येऊन बाकावर बसले. उभी हयात फौजेत हिंदी बोलण्यात गेलेली. निकम सिस्टरनी नेहमीप्रमाणे विचारलं, "केस काय आहे?" त्यांनी टोपी काढून डोकं पुढं केलं. "केसच ऱ्हायले न्हाईत, सिस्टर. म्हणून तर आलोय." पाटीवर 'बाल' वाचून आलेल्या माणसाची चूक तरी काय काढणार? मॅडमनी त्यांना त्वचारोगाच्या विभागाची चिठ्ठी दिली. जाता जाता त्यांनी विचारलं की टक्कल सोडून इथं आणखी काय बघतात, आणि मॅडमनी ते सांगितलं. हवालदारांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "लय वंगाळ काम हाय," ते म्हणाले, "पर करा." आमच्या खात्याचं इतकं नेमकं वर्णन पुढं कुठल्याच प्रशिक्षणात ऐकायला मिळालं नाही.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एकदा चौथीतला एक मुलगा डोक्याला भलंमोठं फडकं बांधून आला. मागून त्याची आई, चेहरा पांढराफटक. मुलानं आल्या आल्या तक्रार गुदरली की आईनं डोकं फोडलं. फडक्यावर लाल डाग होता. मॅडमनी फडकं सोडलं, कापसानं पुसलं, कापूस नाकाशी नेला आणि मला हुंगायला दिला. कुंकवाचं पाणी होतं. आईनं मोबाईल काढून घेतला होता, आणि त्याच मोबाईलवर त्यानं आधी कुठंतरी ऐकलं होतं की मुलांना दवाखान्यात तक्रार करता येते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या धडधाकट डोक्याला व्यवस्थित पट्टी बांधली आणि गंभीरपणे सांगितलं की या जखमेला मोबाईलचा उजेड अजिबात सोसत नाही, पट्टी निघेपर्यंत लांब राहायचं. आईनं जाताना मॅडमच्या पायाला हात लावला. मुलगा मात्र आमच्याकडं असा बघत गेला की वर आणखी कुठं तक्रार करता येते ते तो शोधून काढणार, याची मला खात्री होती.

पण मला सांगायची आहे ती रेणूची गोष्ट. तिचं नाव अर्थातच हे नाही, बाकीच्यांचीही नावं मी बदलली आहेत.

रेणू पाच वर्षांची. शिरवळहून आली होती. डावा हात कोपराच्या खाली मोडलेला. माळ्यावरून पडली, असं घरच्यांचं म्हणणं. एक्स-रेमध्ये दुसरं एक जुनं, मोडून आपोआप सांधलेलं हाड दिसलं. मांडीवर पिवळे पडत चाललेले वळ होते. मॅडमनी तिला दाखल करून घेतलं आणि आम्हाला बोलावलं. पोर एक शब्द बोलत नव्हती. काही विचारलं की समोरच्या माणसाच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघत बसायची.

तिचा बाप मायाप्पा. मूळचा जत तालुक्यातला, पावसाच्या भरवशावरची ज्वारी आणि थोडी मेंढरं सोडून शिरवळच्या एका कारखान्यात लागलेला. चांगला सहा फूट उंच, ओठ झाकणाऱ्या मिशा, आणि मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागलेली. पाणी कुठं मिळेल, एवढं त्यानं विचारलं तरी शेजारच्या खाटेवरची बाळं रडायला लागायची. मायाप्पा हे नाव ऐकून आम्ही खरं तर काहीतरी ओळखायला हवं होतं. पण माणूस आमच्याशी साताऱ्यातल्यासारखंच मराठी बोलत होता, आणि नाव आम्ही फक्त केसपेपरवर लिहिण्यापुरतं विचारतो.

रेणूची आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, सीमेपलीकडं कर्नाटकात. घर सांभाळायला मायाप्पाची थोरली बहीण गावाकडून आली होती. रेणू तिला आत्ती म्हणायची. आमच्या कडेगावकडंही आत्याला आत्ती म्हणतात, त्यामुळे मला ते घरच्यासारखंच वाटलं. या आत्याबाईंनी चोवीस तासांत वॉर्ड खिशात घातला. मला त्या दादा म्हणायच्या. निकम सिस्टरना त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी खाऊ घातली. दुसऱ्यांच्या मुलांना थोपटून झोपवायच्या, रेणूच्या उशाशी बसून तिचे केस विंचरायच्या, आणि मायाप्पा आला की डोक्यावर पदर घेऊन गप्प व्हायच्या. त्या गप्प व्हायच्या म्हटल्यावर आम्ही काय ते ओळखलं.

आम्ही तिघांनीही मनातल्या मनात मायाप्पाला धरलं होतं. आणि एकदा माणूस धरला की त्यानं काहीही केलं तरी पुरावा होतो. संध्याकाळी कामावरून तो आला की रेणू त्याच्या गळ्याला मिठी मारून बसायची, सोडायचीच नाही. "बघितलंत?" मॅडम हळूच म्हणाल्या, "भीतीनं कशी आवळून धरलीय." त्यानं बिस्किटं आणली तर मन खातंय. आणली नाहीत तर दगड आहे. तो रडला असता तर आम्ही नाटक म्हणालो असतो.

मग एका सकाळी पोर बोलली. आत्याबाईंनी विंचरायला फणी घेऊन हात वर केला होता. रेणू भिंतीला चिकटली आणि बारीक आवाजात म्हणाली, "आत्ती, होडी ब्याड."

मी तिथंच होतो. आम्हाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. न बोलणारं मूल बोललं, की आमच्या धंद्यात तो सणाचा दिवस असतो. मी आत्याबाईंना विचारलं, काय म्हणतेय ती? आत्याबाईंची फणी थांबलीसुद्धा नाही. त्या हसल्या. "होडी पायजे म्हणतिया, दादा. लय याड हाय तिला होडीचं." आणि ब्याड काय? "इंग्लिश मिडियमला घातलीया न्हवं. समदं गुड न्हाईतर बॅड."

ज्या जतकडं पिण्याचं पाणी टँकरनं येतं, तिथल्या पोरीला होडीचं वेड. पेंढारकर मॅडमना यात काहीच नवल वाटलं नाही. जिथं पाणी नाही तिथल्याच मुलाच्या मनात होडी असणार, असं त्या म्हणाल्या. मला तो विचार इतका आवडला की घरी जाऊन मी तो बायकोलाही ऐकवला. बायकोनं भाजीला फोडणी देता देता विचारलं, "पोरीनं होडी बघितली कुठं?" मी तिला म्हटलं, तुला मानसशास्त्र कळायचं नाही.

तर होड्या सुरू झाल्या. पहिली मी केली, जुन्या वर्तमानपत्राची. रेणूनं तिच्याकडं बघितलं नाही. तेवढ्यात आत्याबाईंनी तिची उशी सरळ करायला हात उचलला, आणि पोर म्हणाली, "आत्ती, होडी ब्याड." माझी होडी नापास झाली. निकम सिस्टरना मनातून बरं वाटलेलं मला दिसलं. त्यांनी एक्स-रेच्या जाड पाकिटाची, दुहेरी तळाची केली. तीही बॅड. मॅडमनी बाजारातून चावीची आणली, पाण्यात सोडली की फुरफुर करत जाणारी. आम्ही घमेल्यात पाणी घेऊन रेणूच्या खाटेशी उभे, होडी गोल गोल फिरतेय, शेजारच्या मुलांनी खाटेवरून उड्या मारल्या, आणि रेणू पुन्हा तेच. शेजारच्या मुलाचे वडील सुतार होते, त्यांनाही चेव आला. त्यांनी लाकडाची शिडासकट होडी करून आणली.

आठवडाभरात वॉर्डाचं बंदर झालं. प्रत्येक खाटेखाली घमेलं किंवा टब. फरशी ओली. पाहणीला आलेल्या एका वरिष्ठ डॉक्टरांचा पाय थेट टबात गेला आणि ते तसेच, एक बूट भरून पाणी घेऊन, पूर्ण फेरी मारून गेले. सगळी मुलं हसत होती. एकटी रेणू हसत नव्हती. ती आमच्या हातांकडं बघत होती, आणि आम्ही समजत होतो की ती होडीचं कसब बघतेय.

इकडं समितीची तारीख जवळ आली. आमचा अहवाल जवळजवळ तयार होता. आई परत येईपर्यंत रेणूला बापापासून लांब ठेवावं आणि आत्याबरोबर जतला गावी पाठवावं, असं आम्ही तिघांनी एकमतानं लिहिलं होतं. आत्याबाईंनी पिशवी भरायलाही घेतली होती. फक्त आईशी बोलणं राहिलं होतं. तिच्याजवळ फोन नव्हता, भावाच्या फोनवर लावायचा होता, आणि तो भाऊ रानात असला की लागत नव्हता. मॅडम म्हणाल्या, आईशी बोलल्याशिवाय मी सही करणार नाही. आदल्या दिवशी दुपारी फोन लागला. मॅडमनी स्पीकर लावला. खोलीत आम्ही तिघं.

बाई कर्नाटकातली, मराठी जेमतेम, असं भावानं आधीच सांगितलं होतं. म्हणून मॅडम बहिऱ्या माणसाशी बोलावं तशा एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या. "रेणू, बरी आहे. काळजी, करू नका. आम्ही, तिला, रोज, होडी देतो."

पलीकडून नुसता एक हुंदका आला.

मॅडमना वाटलं, बाईला भरून आलं. त्यांनी आणखी सांगितलं. "मी देते. सिस्टर देतात. मोरे साहेब तर दिवसातून चार-चार वेळा देतात. आता तर आम्ही वॉर्डातल्या सगळ्याच मुलांना द्यायला लागलोय."

पलीकडून बाईनं जो टाहो फोडला, तो ऐकून औषधांच्या खिडकीवरची रांगसुद्धा आमच्या दाराशी आली. नवं बाळ रडायला लागलं. मग भावानं फोन घेतला. त्याला मराठी चांगलं येत होतं, आणि रागही चांगला आला होता. तिकडं बसलाय तो डॉक्टर आहे का फौजदार, हे त्याला आधी कळायला हवं होतं.

"डॉक्टर आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग हात मोडल्याल्या पोरीला मारताय कशापायी?"

"कोण मारतंय? आम्ही तिला होडी देतोय."

"त्येच म्हणतोय की मी. आमच्या कन्नडात होडी म्हंजी मार. तुमी सोताच्या तोंडानं सांगताय, रोज मारतो म्हणून."

मी पुढं वाकून विचारलं, "आणि ब्याड?"

"ब्याड म्हंजी नको. होडी ब्याड, मारू नको. का वो? कोन म्हणलं?"

आत्ती, मारू नको. आठवडाभर पोर हेच म्हणत होती. आणि जिच्यापासून वाचवा म्हणून ती विनवत होती, तिलाच आम्ही विचारत होतो की पोर काय म्हणतेय. माझी लाज अजूनही पुरती गेलेली नाही, आणि जाऊही नये.

निकम सिस्टरना मी उभ्या नोकरीत कधी पळताना पाहिलं नव्हतं. आग लागली तरी चालत जाईन, असं त्या म्हणायच्या. त्या पळाल्या. मी त्यांच्या मागं. आत्याबाई रेणूला दहीभात भरवत होत्या. सिस्टर दम आवरून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई, खाली तुमच्या जतचं कुणीतरी आलंय." आत्याबाई पदर सावरत उठल्या. त्या दाराबाहेर जाताच सिस्टर त्यांच्या स्टुलावर बसल्या आणि ड्यूटी संपली तरी उठल्या नाहीत.

मॅडम फोन हातात घेऊन आल्या. रेणूच्या मामाकडून त्यांनी एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. यारू होडियंगिल्ला. कुणी मारणार नाही. वाईच्या जिभेवर ते असं काही उमटलं की आधी मामाच फोनवर खोकला. मॅडमनी पुन्हा म्हटलं, आणखी चुकलं. रेणू पहिल्यांदाच मॅडमच्या हाताकडं न बघता तोंडाकडं बघायला लागली. मग तिनं ते वाक्य बरोबर म्हणून दाखवलं. मॅडमनी तिच्यामागून म्हटलं. तिनं मान हलवून पुन्हा शिकवलं. सात-आठ वेळा हे झालं, आणि प्रत्येक वेळी, मॅडमना शिकवता शिकवता, ती स्वतःच म्हणत होती की कुणी मारणार नाही.

त्यानंतर ती जी बोलायला लागली, ती थांबेना. निम्मं कन्नड, निम्मं मराठी. फोनवर मामा एकेक वाक्य उलगडून सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचा आवाज बसत चालला होता. लाटणं, चुलीतलं लाकूड, दूध सांडलं म्हणून, अंथरूण ओलं झालं म्हणून. माळा त्या घराला होता, पण त्यावर चढायला शिडी नव्हती. अप्पा कामावरून आले की मार थांबतो, असंही तिनं सांगितलं. गळ्याला मिठी कशासाठी होती, ते आम्हाला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून आमच्या कक्षात एक नियम झाला. मूल काय म्हणालं ते घरच्या माणसाला विचारायचं नाही. भाषा वेगळी असेल, असेल असं वाटलं, अगदी नसेल असं वाटलं तरी, बाहेरचं माणूस बोलवायचं. मिरजेच्या एक निवृत्त कन्नड शिक्षिका आम्हाला फोनवर मदत करायला लागल्या. पहिल्याच फोनला त्यांनी मॅडमचं ते एक वाक्य दुरुस्त करायला अर्धा तास घेतला.

पोलिसांत नोंद झाली. ती व्हावीच लागते. आई नव्या बाळाला घेऊन भावाबरोबर एसटीनं आली. रेणूला आईकडं द्यायला समिती तयार होती, पण आत्याबाई त्या घरात राहणार नसतील तरच. ते मायाप्पाच्या हातात होतं. तो नाही म्हणाला असता तर पोर बालगृहात गेली असती. आणि मायाप्पा नाही म्हणायलाच आला होता.

आईबापाच्या माघारी बहिणीनं त्याला वाढवलं होतं. तिचं स्वतःचं लग्न मोडलं होतं. आत्याबाईंच्या कपाळावर एक जुनी खोक होती, ती कशानं असं मी विचारलं तेव्हा त्याही "पडले हुते" म्हणाल्या होत्या, आणि मी पुढं विचारलं नव्हतं. समितीसमोर त्यांनी काही लपवलं नाही. उलट भावाकडं बोट दाखवलं. "ह्यालाबी मारूनच वाढवला," त्या म्हणाल्या. "बघा की, वाघासारखा झालाय." यात त्यांना खरोखर अभिमान होता. मायाप्पा त्याच्या त्या आवाजात अर्धा तास बोलला. अक्कानं मला मारलं म्हणून मी मेलो का, कामाला लागलो, चार माणसं पोसतोय, अक्का घरातनं जाणार नाही.

पेंढारकर मॅडमनी वाद घातला नाही. त्याचं सगळं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मायाप्पा, अक्का मारायची तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?"

त्यानं लगेच उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण तो एकदा बहिणीकडं बघत होता, एकदा आईच्या मांडीवर बसलेल्या रेणूकडं.

"हेच," तो म्हणाला. "हेच म्हणत हुतो."

मग तो बहिणीजवळ गेला, तिच्यासमोर खाली बसला आणि तिला समजावत राहिला, अर्धं कन्नडमध्ये. शेवटचं मराठीत होतं, बहुतेक आम्हाला ऐकू यावं म्हणून. "तुला मी काय कमी पडू देनार न्हाई, अक्का. पर तू गावाकडं जा." आत्याबाईंनी पदर सावरला. मग उठल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, तो आलाही होता, पण पिशवी उचलून जाताना त्या एवढ्या एकट्या दिसल्या की मला बघवेना. जतच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडं त्यांचं नाव आम्ही दिलं. त्या तिथं नेमानं जातात, असं पुढं कळलं. काय बोलतात ते आम्ही विचारलं नाही.

प्लास्टर काढायच्या दिवशी सगळे आले. रेणूनं वॉर्डभर फिरून मोकळा हात दाखवला, चावीची होडी पळवली, नव्या भावाचे गाल ओढले. आई आणि मामा तिला घेऊन खाली एसटीच्या चौकशीला गेले. मायाप्पा आमच्या खोलीच्या दाराशी रेंगाळला. मला वाटलं, आभार मानायचे असतील, आणि मी नको नको म्हणायच्या तयारीत होतो.

"साहेब," तो म्हणाला, "हितं बारकी पोरंच बघत्यात काय?"

मी हो म्हणालो. अठरा वर्षांपर्यंतची.

"मोठ्या मानसांचं असलं काय न्हाई?"

या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच होतं. मी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी समोरची कागदं बाजूला केली, निकम सिस्टरना दार लोटून घ्यायला सांगितलं आणि त्याला म्हणाल्या, "या, बसा."

खोलीतल्या आमच्या खुर्च्या सोडल्या तर बाकी सगळ्या मुलांच्याच होत्या, लाल, पिवळ्या, गुडघ्याएवढ्या. मी माझी खुर्ची त्याला द्यायला उठलो, पण तो तोवर त्यातल्याच एकीवर बसला होता. गुडघे छातीशी आलेले, हात मांडीत. मग तो बोलायला लागला.